काट मारलेली ओंबी

पावाची भट्टी बंद करून वर्ष होत आलं होतं, तरी गल्लीत तिचं नाव भट्टीवालीच. पोस्टमन तेच म्हणायचा, समोरचा न्हावी तेच म्हणायचा, आणि कोणी नवीन भाडेकरू आला की त्यालाही आल्या आल्या तेच शिकवलं जायचं. घरात मात्र ती आत्या. भाच्याची आत्या, भाचेसुनेची आत्या, आणि भाच्याच्या लेकीची आत्याआजी. भाऊ आणि भावजय एकामागोमाग गेले तेव्हा भाचा जेमतेम शाळेत जायला लागला होता. हिने त्याला उचललं, भट्टीच्या वरच्या दोन खोल्यांत आणलं आणि पावावर वाढवलं. अगदी खरोखरच पावावर. सकाळी गरम, दुपारी गार, रात्री दुधात बुडवून. पोरगं इतकं गुबगुबीत झालं की तिने त्याचं नावच गोळू ठेवलं. आता तो टक्कल पडायला लागलेला बाप्या आहे, पण आत्याच्या तोंडी अजून गोळूच.

गोळूला मुलगी झाली. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, आत्याने तिला ठकी म्हटलं आणि तेच चिकटलं. चालायला लागल्यापासून ठकी भट्टीत यायची, पिठाच्या पोत्यावर बसायची आणि भट्टीतून निघालेला पहिला पाव तिचा असायचा. तरी पोरीला अंग म्हणून धरेना. पोट तेवढं फुगलेलं, हातपाय काड्या. आत्या म्हणायची, "अगं, खाऊ दे तिला. खाल्ल्याशिवाय का बाळसं येणार आहे?" आणि आणखी एक पाव पुढे करायची. पोरगी पोट धरून रडायची, तर आत्या तिला शांत करायला काय द्यायची? पावच!

मग डॉक्टरांनी सांगितलं की हिला गहू चालत नाही. गव्हात एक ग्लूटेन नावाचा पदार्थ असतो, तो हिच्या आतड्यांना सोसत नाही. पाव नको, बिस्किट नको, पिठाचा कणसुद्धा नको. आत्या आधी हसलीच. गहू चालत नाही म्हणजे काय, पाणी चालत नाही म्हणण्यासारखंच झालं की! पण पाव बंद झाल्यावर ठकीचे गाल भरायला लागले आणि आत्याचं हसू आटलं. आपण लाडालाडाने पोरीला दुखणं भरवत होतो, हे तिच्या मनाने जे धरलं ते काही सुटेना.

भाचेसून यावर एक शब्द बोलली नाही. तेच तर आत्याला जास्त लागलं. बोलली असती तर चार शब्द आपणही बोललो असतो, भांडलो असतो, मोकळे झालो असतो. ही बाई गप्प राहायची आणि आत्या भेटायला गेली की तिच्या नखांकडे बघायची. आत्या आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, नखं खरवडून जायची, तरी ती नजर नखांवर यायचीच. ठकी मात्र भट्टीकडे पुन्हा फिरकली नाही. तिला आणतच नव्हते.

त्यात आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि भट्टी बंद करावी लागली. खालची जागा एका सायकल दुरुस्तीवाल्याने घेतली. आत्याने वरच्या खोल्या धुवायला काढल्या. पीठ हा फार चिवट पाहुणा. पडद्यांच्या शिवणीत, कपाटाच्या बिजागरीत, घड्याळाच्या मागे, जिथे बघावं तिथे ठाण मांडून बसलेला. तिने पडदे उकळले, फळ्या घासल्या, जुनं पोळपाट-लाटणं देऊन टाकलं. फक्त एक दगडी कुंडी तिच्याने देववली नाही.

ती कुंडी पिठीची. पिठी म्हणजे हाताला लावायचं कोरडं पीठ. कणकेचा गोळा हाताला चिकटला, सुरीला चिकटला, ओट्याला चिकटला की उजवा हात कुंडीत जायचा, चिमूटभर पिठी घ्यायचा आणि काम पुढे चालू. त्याला बघावं लागत नसे, की विचार करावा लागत नसे. भट्टी बंद झाल्यावर आत्याने कुंडी वर आणवली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, उजव्या बाजूला, होती तशीच ठेवली. स्वतःपुरता एखादा पाव ती अजून त्यातल्याच पिठाचा करायची. कुंडीवर लाकडी झाकण होतं. झाकलेलं आहे ना, मग झालं तर, असं तिने मनाशी म्हणून टाकलं होतं.

आणि एक दिवस गोळूचा फोन आला.

"आत्या, ऐक. हिला नोकरी लागलीय. सोमवारपासून जायचंय. ठकीचं दुपारचं काय करायचं, तो प्रश्न आहे."

आत्याने फोन कानाशी घट्ट धरला. "मग? इकडे पाठवा की."

"मी तेच म्हणतोय. पण ही म्हणते, पाळणाघर बरं. चौकातल्या पाळणाघरात एकच जागा आहे आणि परवापर्यंत हो-नाही कळवायचंय. मी कसंबसं हिला तयार केलंय. उद्या चहाला येतो. तू ठकीला काहीतरी तुझ्या हाताने खायला दे. हिला सगळं नीट दिसलं ना, की झालं."

"आणि नाही दिसलं तर?"

गोळूने ते ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला, "तू चीज आण. ते मऊ, पांढरं. जीव टाकते त्यावर. पण ग्लूटेन फ्री बघून घे हं आत्या. नुसतं चीज म्हणून उचलू नकोस."

फोन ठेवला आणि आत्या खुर्चीत बसून राहिली. दुपारी घरात पोरीची बडबड ऐकू येईल, ती शाळेतलं काय काय सांगेल, ओट्यावर बसून पाय हलवेल. एवढंच तर हवं होतं. ते एका चीजच्या तुकड्यावर येऊन अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या किराणा दुकानात गेली. या दुकानाची पायरी चढणार नाही असं तिने एकेकाळी भर गल्लीत जाहीर केलं होतं, कारण कारखान्यातला, प्लास्टिकात गुंडाळलेला ब्रेड पहिल्यांदा याच दुकानाने आणला होता आणि तिची अर्धी गिऱ्हाइकं पळवली होती. आज सगळा ताठा बाजूला ठेवून ती काचेच्या दारातून आत शिरली. ब्रेडच्या फळ्या आल्या तेव्हा मान तेवढी दुसरीकडे वळवली.

एका कोपऱ्यात 'ग्लूटेन फ्री' अशी पाटी होती. आत्याला हायसं वाटलं. तिथे तांदळाची बिस्किटं होती, मक्याचं पीठ होतं, कसल्या कसल्या शेवया होत्या. चीज नव्हतं. तिने खालून वर आणि वरून खाली दोनदा पाहिलं. नव्हतंच.

मग ती थंड कपाटांकडे गेली आणि तिथे तिची बोबडीच वळली. भिंतभर चीज! चौकोनी, गोल, लांबट, पिवळं, पांढरं, ठिपके असलेलं, किसलेलं, चकत्या केलेलं. तिने चष्मा लावला आणि एका टोकापासून वाचायला सुरुवात केली. अक्षरं मुंगीएवढी. एका पाकिटावर दूध, मीठ आणि पुढे काहीतरी लांबलचक. दुसऱ्यावर तेच, वेगळ्या क्रमाने. ग्लूटेन आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि नाही असंही लिहिलेलं नव्हतं. न लिहिलेल्याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने? कपाटाच्या गारठ्याने बोटं आखडली, चष्म्यावर धुकं धरलं.

दुकानाचं हिरवं जाकीट घातलेली एक बाई कपाटात डबे लावत होती. तिने बराच वेळ हे पाहिलं आणि विचारलं, "आजी, काय शोधताय?"

"चीज. ग्लूटेन नसलेलं."

"अहो, चीजमध्ये कुठून आलं ग्लूटेन? दुधाचं असतं ते. कुठलंही घ्या."

कुठलंही घ्या म्हणे! आत्याच्या कपाळाची शीर ताठ झाली. हिचं काय जातंय कुठलंही म्हणायला? रात्रभर पोट धरून कळवळणारं पोर काही हिचं नव्हे. पण आत्याने राग गिळला आणि समोरचं किसलेल्या चीजचं पाकीट उचललं. सवयीने जरा तिरकं केलं. आतला कीस सळसळत एका बाजूला गेला, एक तुकडा दुसऱ्याला चिकटला नाही. आत्याचा हात तिथेच थांबला.

"याला पिठी लावलीय," ती म्हणाली.

"काय लावलीय?"

"पिठी. त्याशिवाय चीज असं सुटं राहील का? चिकटू नये म्हणून लावतात. आयुष्य गेलं माझं त्यात."

हिरव्या जाकिटवालीने पाकीट घेतलं, उलटलं, घडीखालचं बारीक वाचलं. "आहे खरं. पण बटाट्याचा स्टार्च आहे आजी. चालतो तो."

"बटाट्याचाच कशावरून?"

"लिहिलंय इथे. हे बघा."

आत्याने पाहिलं. ओठ हलवत हलवत वाचलं. बटाटाच लिहिलं होतं. बाई बरोबर होती, तिच्याशी भांडायला काही जागाच नव्हती. तरीही आत्याने पाकीट जागेवर ठेवलं. "चालत असेल हो. पण नको."

पलीकडे एक माणूस मोठ्या चाकाएवढ्या चीजमधून तुकडे कापून देत होता. हे बरं, आत्याला वाटलं, डोळ्यांदेखत कापून मिळेल. तिने बोट दाखवलं, त्याने सुरी उचलली, फडक्याला पुसली आणि एक फर्मास तुकडा कापला. तेवढ्यात आत्याचं लक्ष त्या फडक्याकडे गेलं. फडक्यावर पावाचा चुरा होता. शेजारच्या फळीवर अर्धवट भरलेलं सँडविच पडलं होतं.

"राहू दे, राहू दे!"

"अहो, पण कापलंय आता!"

"तुम्ही खा," आत्या म्हणाली आणि मागे फिरली.

आता मात्र तिचा धीर सुटत चालला. चहाची वेळ डोक्यावर आणि हातात काही नाही. भाचेसून येणार, ओटा बघणार, नखं बघणार, आणि पोरीपुढे ठेवायला आपल्याकडे काय? पाणी? घरी जाऊन 'मिळालं नाही गं' म्हणायचं, आणि तिने न बोलता पर्समधून तिचा डबा काढायचा. तसं झालं की संपलंच. डोळ्यांत पाणी यायला लागलं तसा आत्याला स्वतःचाच राग आला. एवढी भट्टी चालवलेली बाई, आणि चीजपुढे उभी राहून रडते!

"आजी! अहो आजी, इकडे या."

हिरवी जाकिटवाली उकिडवी बसून सगळ्यात खालच्या फळीत हात घालत होती. तिने आतून एक गोल, पांढरं, घट्ट बांधलेलं पाकीट काढलं. "हे घ्या. छापलंयसुद्धा. आणि ही खूण बघितलीत? ही असली की डोळे मिटून घ्यायचं."

पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' होतं आणि त्याच्या शेजारी एक छोटंसं चित्र. गव्हाची ओंबी, आणि तिच्यावर तिरकी काट.

आत्या त्या चित्राकडे बघतच राहिली. भट्टीच्या पाटीवर ओंबीच होती. भावाने स्वतः रंगवलेली, पिवळीधमक, दाण्यांना एकेक कुसळ काढलेलं. ती पाटी आता पलंगामागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्या भावाच्या ओंबीवर कोणीतरी काट मारली होती आणि ती काट शोधत ती सकाळपासून वणवण फिरत होती.

"कोणासाठी आहे?" बाईने विचारलं.

"नातीसाठी," आत्या म्हणाली. भाच्याची मुलगी वगैरे सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. पाकीट छातीशी धरून तिने घर गाठलं.

घरी आल्यावर तिने कोपरापर्यंत हात धुतले. नवी सुरी आणि नवी थाळी काढली, उकळत्या पाण्यातून घातली. ओटा पुसला, परत पुसला. पुसता पुसता फडकं कुंडीपाशी आलं, कुंडीभोवती फिरलं आणि पुढे गेलं.

जिना वाजला. ठकी पुढे, धपाधप. "आत्याआजी! तुझे पडदे एकदम नव्यासारखे झालेत!" मागून गोळू, हसरा चेहरा करायचा प्रयत्न करत. शेवटी भाचेसून. तिने चपला काढल्या, नमस्कार केला, आणि डोळे लगेच खोलीभर फिरायला लागले. स्वयंपाकघरात आल्यावर सहज टेकल्यासारखं करून तिने फळीवरून बोट ओढलं. आत्याने ते पाहिलं. तिला रागही आला आणि कौतुकही वाटलं. आई असावी तर अशी. बोट स्वच्छ निघालं.

मग भाचेसुनेची नजर ओट्यावर गेली. गॅस, थाळी, सुरी, कुंडी. कुंडीवर ती थांबली.

सांगावं? आत्ताच सांगावं की यात पीठ आहे, गोळूला म्हणावं, जा रे, खाली ठेवून ये? पण सांगितलं की ती म्हणणार, अजून पीठ ठेवता घरात? एवढं सगळं धुतलेलं त्या एका वाक्यात पाण्यात जाणार. नंतर सांगू, आत्या मनाशी म्हणाली. एकदा हो म्हणू दे, मग सांगू.

"आई, मला इथे बसव ना, वर!" ठकीने आईचा हात ओढला आणि ती नजर कुंडीवरून निघाली.

आत्याने चीज बाहेर काढलं. भाचेसुनेने पाकीट हातात घेऊन मागचंपुढचं सगळं वाचलं आणि तिचा चेहराच बदलला. "आत्या, अहो हेच! हे आणायला मी पार स्टेशनच्या पलीकडे जाते. तुम्हाला कुठे मिळालं?"

"मिळालं. शोधलं जरा," आत्या म्हणाली.

"छान शोधलंत हो." आणि ती हसली. दुखणं कळल्यापासून आत्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली असेल. खुर्ची ओढून बसली, पाठ टेकली, पर्स खाली ठेवली. गोळूने तिच्या पाठीमागून आत्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, जमतंय!

आत्या हरखून गेली. सकाळपासून आवळून धरलेलं सगळं एकदम सैल झालं. ती चीज कापायला लागली आणि ओट्यावर पाय हलवत बसलेल्या ठकीला गोष्ट सांगायला लागली. "तुझा बाबा ना, कणकेचे गोळे चोरायचा. आणि लपवायचा कुठे? तर भिंतीवर चिकटवून ठेवायचा! सकाळी बघावं तर भिंत सगळी फुगलेली!"

ठकी खदाखदा हसली. गोळू म्हणाला, "खोटं आहे हं ते." भाचेसूनही हसत उठली आणि पाणी घ्यायला माठाकडे वळली. चीज मऊ होतं, सुरीला चिकटत होतं, पहिली चकती पार लिबलिबीत झाली. "आणि एकदा तर," आत्या म्हणाली, "त्याने गोळा चिकटवला थेट गिऱ्हाइकाच्या टोपीला!" पुढची चकती छान सुटली. त्यापुढची आणखी छान. ठकीने हसता हसता एक उचलली आणि तोंडाकडे नेली.

इतकं मऊ चीज, आणि सुरीला चिकटलं कसं नाही?

आत्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग कुंडीकडे पाहिलं. झाकण बाजूला सरकलेलं होतं.

"थांब!"

तिने पोरीच्या हातावर फटका मारला. चकती उडाली, फरशीवर पडली. ठकीने भोकाड पसरलं. भाचेसून गर्रकन वळली, हातातलं पाणी सांडलं.

"आत्या! काय झालं?"

कोणालाच काही कळलं नव्हतं. चीज पांढरं, पिठी पांढरी. ओट्यापाशी ठकीशिवाय कोणी नव्हतं, आणि ठकी तर गोष्टीत रंगलेली. गोळूने ठकीला जवळ घेतलं आणि म्हणाला, "माशी होती का गं आत्या? माशी बसली होती ना?"

किती सरळ विचारलं त्याने! नुसतं हो म्हणायचं. हो रे, माशी होती. चीज फेकून द्यायचं, हात धुवायचे, पोरीचा पापा घ्यायचा, आणि सोमवारपासून दुपारी पोरगी घरात. आत्याच्या घशात तो 'हो' येऊन बसला होता. तिने तो कसा मागे ढकलला ते तिचं तिलाच ठाऊक.

"माशी नाही," ती म्हणाली. "पिठी आहे. गव्हाची. माझा हात कुंडीत गेला, मला कळलंसुद्धा नाही." आणि तिने हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी होती.

भाचेसुनेच्या चेहऱ्यावरचं रक्तच उडालं. तिने ठकीला गोळूच्या हातातून ओढून घेतलं, बेसिनपाशी नेलं, तिचे हात धुतले, ओठ धुतले, चूळ भरायला लावली. "गिळलंस का? थोडं तरी? जिभेला लागलं का? खरं सांग." ठकी हुंदके देत मान हलवत होती. पाणी किती वेळ वाहत राहिलं.

चहा राहिला तो राहिलाच. जिन्यापाशी भाचेसून चपला घालत होती तेव्हा आत्या म्हणाली, "ऐक. त्या पाळणाघराला हो सांगून टाक. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही."

भाचेसुनेने तिच्याकडे नीट पाहिलं. नखांकडे नाही, तोंडाकडे. मग ती खाली उतरली.

ते गेल्यावर आत्याने चीज टाकून दिलं, थाळी घासली, सुरी घासली, ओटा घासला. मग कुंडीला दोन्ही हात घालून ओढायला गेली, तर दगडच तो, जागचा हलेना, आणि कंबरेतून कळ आली. ती तिथेच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. फोन तिने हातात घेतला आणि ठेवला, घेतला आणि ठेवला. पोरीचं पोट दुखतंय का, हे विचारायचं होतं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी दुपारी जिना वाजला. धपाधप. आत्या दारात येईपर्यंत ठकी आत आली होती, मागे एकटी भाचेसून.

"पोट?" आत्याने काही बोलायच्या आधी विचारलं.

"काही झालं नाही. व्यवस्थित आहे."

आत्याने दाराच्या चौकटीला धरलं. भाचेसून आत आली, खुर्चीत बसली, पर्स मांडीवरच ठेवली.

"सकाळी पाळणाघरात गेले होते," ती म्हणाली. "हो म्हणायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? काल रात्री मी यांना सांगून टाकलं होतं की तुमच्या आत्याचं नाव काढायचं नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता आत्या. अजून आहे."

"असणारच," आत्या म्हणाली.

"त्यांची जागा स्वच्छ आहे. वेगळी भांडी ठेवू म्हणाल्या, वेगळा डबा. सगळं ठीक. निघताना मी सहज विचारलं, कधी चुकून काही लागलं तिला, तर मला लगेच फोन करून सांगाल ना?" तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तर हसल्या. म्हणाल्या, ताई, आमच्याकडे चुका होतच नाहीत."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलंय?" भाचेसुनेचा आवाज चढला. "काल तुम्ही माशी म्हणाला असतात तर मला कधी कळलं असतं का? यांनी तर तुम्हाला आयतं तोंडात दिलं होतं. मी तिथून निघाले आणि रस्ताभर तेच डोक्यात. दुपारभर पोरगी कोणाकडे तरी राहणार. चूक कोणाच्याही हातून होईल, माझ्याही झालीय. पण मला सांगणार कोण?" तिने डोळे पुसले आणि उठली. "सोमवारपासून ही इथे येईल. आणि ती कुंडी आत्ताच्या आत्ता या घरातून गेली पाहिजे. धरा एका बाजूने."

दोघींनी धरली. आत्या पुढे, भाचेसून मागे, पायरीपायरीवर टेकवत, एकमेकींवर खेकसत त्यांनी ती कुंडी जिना उतरवली. पीठ गटारात गेलं. सायकलवाल्याने कुंडी बघितली आणि खूश झाला. ट्यूबमधलं पंक्चर शोधायला त्याला पाण्याचं मोठं भांडं हवंच होतं. "भट्टीवाली, अहो, किती वजनदार आहे!" तो म्हणाला. "कोणी चोरणार नाही," आत्या म्हणाली.

वर आल्यावर ओट्यावर कुंडीच्या जागी एक गोल डाग उरला होता. आत्या त्याच्याकडे बघत उभी राहिली. हाताला आता नवीन काही शिकवता येणार नाही, हे तिला कळत होतं. तो तिथे जाणारच. मग तिने एक वाडगं घासलं, त्यात स्वच्छ पाणी भरलं आणि बरोबर त्या डागावर ठेवलं.

सोमवारी भाचेसून ठकीला घेऊन आली. खालच्या फळीतून आणलेलं तसलंच गोल पाकीट ओट्यावर तयार होतं, काट मारलेली ओंबी वरच्या बाजूला. ठकी वर चढून बसली. "आत्याआजी, ती टोपीची गोष्ट अर्धी राहिलीय."

"हो की. तर काय झालं," आत्या म्हणाली आणि कापायला लागली, "ते गिऱ्हाईक गेलं तस्संच बाजारात." चीज सुरीला चिकटलं. उजवा हात उठला, गोष्टीच्या तालात उजवीकडे गेला आणि पाण्यात बुडाला. आत्या चटका बसल्यासारखी दचकली.

"हात ओला झाला तुझा!" ठकी ओरडली आणि हसत सुटली.

ओल्या सुरीने चकती अलगद सुटली. आत्याने ती वर धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मग ठकीच्या हातात दिली. भाचेसून दारात उभी होती. तिला उशीर होत होता, पण ठकीने चकती पूर्ण खाऊन बोटं चाटेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तिने चपला घातल्या आणि कामाला गेली.